व्हीनसची चाल आणि द हेगचा रॉबी

भरती_ओहोटी

इथे २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो. त्या दिवशी अख्खा नेदरलँड्स माळ्यावरचा पसारा काढून रस्त्यावर मांडून बसतो. पोरं जुनी खेळणी विकतात, आज्या कपबश्या विकतात आणि मी दरवर्षी "यंदा काही घेणार नाही" असं म्हणत पिशवी भरून घरी येते.

या वेळी गल्लीच्या टोकाला एक आजोबा बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात लहान तबकड्या घेऊन बसले होते. कुठलीही घ्या, एक युरो. मी सहज एक उपसली. काळेभोर सरळ केस, डोळ्यांत बोटभर काजळ अशी एक बाई आणि तिच्याभोवती तीन पुरुष. बँड शॉकिंग ब्लू, गाणं 'व्हीनस'. कोपऱ्यात बॉलपेनने कुणा मुलीचं आडनावासकट नाव, आपण शाळेच्या पुस्तकावर घालायचो तसं.

मी म्हटलं, "अरे, हे तर बनानारामाचं गाणं!" (बनानारामा म्हणजे ऐंशीच्या दशकातला तीन मुलींचा बँड.)

एखाद्या पोराने जुन्या लावणीला "हे त्या रिमिक्समधलं ना?" म्हटल्यावर आपण जसं बघू, तसं आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मग तबकडी माझ्या हातून घेतली, उलटी केली (मागच्या बाजूला 'हॉट सँड'), सुलटी केली आणि नावाखालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. आर. फान लेउवेन. "हे आमच्या गावचं गाणं," ते म्हणाले. एक युरो दिला आणि घरी आले. घरात तबकडी लावायचं यंत्र नाही हे घरी आल्यावर आठवलं.

आठ वर्षं द हेगमध्ये राहून मला या माणसाचं नावही ठाऊक नव्हतं. गेले दोन आठवडे वाचतेय, ऐकतेय, ते इथे उतरवून काढते.

रॉबी फान लेउवेन. जन्म २९ ऑक्टोबर १९४४, द हेग. तेव्हा शहर जर्मनांच्या ताब्यात होतं आणि पुढच्याच महिन्यांत तो भुकेचा हिवाळा आला, ज्यात लोकांनी ट्यूलिपचे कांदे शिजवून खाल्ले. अशा वेळी जन्मलेली पोरं विशीत आली ती थेट इलेक्ट्रिक गिटार घेऊन.

द हेगच का, ॲम्स्टरडॅम का नाही, हा प्रश्न मला पडला होता. त्याचं उत्तर इंडोनेशियात सापडतं. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर तिथली डच-इंडोनेशियन मिश्र कुटुंबं मोठ्या संख्येने इकडे आली, आणि त्यातली पुष्कळशी द हेगमध्ये राहिली. या शहराला 'ईस्ट इंडीजची विधवा' असं टोपणनावच आहे. या मंडळींच्या पोरांनी गिटार, हवाईयन सूर आणि अमेरिकन रॉक अँड रोल असं सगळं एकत्र घोटून 'इंडोरॉक' काढला. टीलमन ब्रदर्स हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी हे भाऊ गिटार डोक्यामागे धरून, दातांनी वाजवून दाखवत होते. बीटल्सचं नाव इकडे पोचायच्या आधीच द हेगच्या पोरांनी गिटारची करामत प्रत्यक्ष बघितली होती. गोल्डन इअरिंग, क्यू सिक्स्टीफाइव्ह, मोशन्स, सगळी याच गावची.

दुसरं कारण समुद्रात होतं. आमच्या स्खेवेनिंगेनच्या किनाऱ्यासमोर, देशाच्या हद्दीबाहेर नांगर टाकून रेडिओ व्हेरोनिका नावाचं जहाज उभं असायचं. सरकारी रेडिओ पॉप वाजवायला नाकं मुरडायचा, हे जहाज दिवसभर तेच वाजवायचं. डच टॉप ४० ही यादीही जानेवारी १९६५ मध्ये तिथूनच सुरू झाली. (अवांतर: एप्रिल १९७३ च्या वादळात नांगर तुटून हे जहाज चक्क किनाऱ्यावर येऊन बसलं होतं. लोक सायकली काढून बघायला गेले. इथे कशालाही सायकल काढूनच जातात म्हणा.)

रॉबी आधी मोशन्समध्ये होता. गिटार त्याची आणि गाणीही बहुतेक त्याचीच. १९६५ चं 'वेस्टेड वर्ड्स' थोडं निषेधाच्या सुराचं आहे, आजही ऐकवतं. पण गाणी लिहायची आपण आणि दिशा ठरवायची इतरांनी, हे त्याला मानवलं नसावं. १९६७ मध्ये तो बाहेर पडला आणि शॉकिंग ब्लू काढला. गायक फ्रेड डे विल्डे, बासवर क्लाशे फान डर वाल, ड्रमवर कोर फान डर बेक. 'लूसी ब्राउन इज बॅक इन टाउन' हे बऱ्यापैकी चाललं. बऱ्यापैकी म्हणजे पास झालो, वर्गात नंबर नाही, असं.

मग १९६८ मध्ये गोल्डन इअरिंगचं गाणं पहिल्यांदा एक नंबरला गेलं म्हणून मेजवानी झाली. तिथे बंबल बीज नावाचा एक बँड वाजवत होता आणि त्यांची गायिका होती मारिस्का वेरेश. शॉकिंग ब्लूच्या मंडळींनी तिला तिथे ऐकलं आणि आपला गायक बदलायचं ठरवलं. मारिस्काही द हेगचीच. वडील लायोश वेरेश, हंगेरीतले रोमा व्हायोलिनवादक. ती लहानपणी त्यांच्या साथीला गायची. आवाज जाड, घोटलेला, एकही सूर लाडात येऊन लावलेला नाही. आणि दिसायला जी 'जादूगारीण' वाटायची, ती प्रत्यक्षात लाजाळू, दारूला न शिवणारी मुलगी होती. ते केससुद्धा टोप होता!

१९६९ च्या उन्हाळ्यात 'व्हीनस' आलं. नेदरलँड्समध्ये तीन नंबरपर्यंतच गेलं, घर की मुर्गी. बेल्जियम, फ्रान्स, इटलीत पहिलं. अमेरिकेत जेरी रॉस नावाच्या निर्मात्याने कोलॉसस या आपल्या नव्या कंपनीसाठी ते उचललं आणि ७ फेब्रुवारी १९७० ला बिलबोर्डच्या यादीत एक नंबर. त्याआधी कुठल्याच डच बँडला ते जमलं नव्हतं. त्याच रॉसने डेल्फ्टच्या टी सेटचं 'मा बेल अमी' आणि जॉर्ज बेकरचं 'लिटल ग्रीन बॅग'ही तिकडे नेलं होतं, म्हणजे काही महिने अमेरिकेत डच मालाचा सेलच लागला होता.

या गाण्याची एक गंमत सांगते आणि पहिला हप्ता संपवते. रॉबीने गाणं इंग्रजीत लिहिलं. पहिल्याच ओळीत डोंगरमाथ्यावरची देवी आहे, म्हणजे 'गॉडेस'. कागदावर त्याच्या हातून एक अक्षर जास्तीचं पडलं आणि झालं 'गॉडनेस'. मारिस्काचं इंग्रजी यथातथाच, तिने समोर होतं ते गायलं. मी मोबाइलवर दहा वेळा ऐकलं, कधी वाटतं गॉडेस, कधी गॉडनेस. तुमचे कान काय सांगतात?

निळी_शाई

मस्त लिहिलंय. मला सरळ सरळ 'गॉडेस' ऐकू येतं. बायकांच्या रेझरच्या जाहिरातीत वाजायचं ते हेच ना? मला ते त्या जाहिरातीसाठीच लिहिलंय असं वाटायचं. :)

भरती_ओहोटी

हो, हेच. त्या रेझरचं नावच व्हीनस आहे, मग गाणं शोधायला त्यांना लांब जावं लागलं नसणार.

जुना_कॅसेटवाला

थांबा थांबा. फान लेउवेन म्हणजे 'लव्ह बझ'वाला का?

नव्वदीच्या दशकात पुण्यात होस्टेलवर माझ्याकडे निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडच्या 'ब्लीच' अल्बमची कॅसेट होती. मूळ नव्हे, मित्राच्या मित्राकडून भरून घेतलेली. वेष्टनाची यादी हाताने उतरवली होती आणि इतर गाण्यांपुढे त्यांचा गायक कोबेन, फक्त 'लव्ह बझ'पुढे हे विचित्र नाव. मी कित्येक वर्षं समजत होतो की हा त्यांचा कुणी सिॲटलचा दोस्त असेल.

नंतर कळलं ते असं. 'लव्ह बझ' मूळ शॉकिंग ब्लूच्या १९६९ च्या 'ॲट होम' या अल्बमवरचं. निर्वाणाच्या क्रिस्ट नोवोसेलिकला ते आवडलं आणि नोव्हेंबर १९८८ मध्ये सब पॉप कंपनीने निर्वाणाची पहिली एकेरी तबकडी काढली ती हीच. फक्त एक हजार प्रती, प्रत्येकीवर हाताने क्रमांक घातलेला. म्हणजे ज्या बँडने पुढे जग हलवलं, त्याने श्रीगणेशा केला तो या तुमच्या गाववाल्याच्या गाण्याने. पुढे २००४ मध्ये प्रॉडिजी या इंग्लिश बँडनेही 'फीनिक्स'मध्ये याच गाण्याचा तुकडा वापरला.

दोन्ही पाठोपाठ ऐका. कोबेन मारामारीला निघालाय असा गातो. मारिस्का त्याच ओळी अशा गाते की घाई तुम्हाला आहे, तिला नाही. आणि खाली ती बासची ओळ, गिरकी घेत घेत परत जागेवर येणारी. निर्वाणानेही तिला हात लावला नाही, ठेवली तशीच.

खवट_काकू

लेख चांगला. पण एवढं कौतुक करण्याआधी एक विचारते. 'व्हीनस'ची चाल याची स्वतःची का? मला तर ती 'ओ सुझाना'सारखी लागते. शाळेत आम्हाला मिशनच्या बाई शिकवायच्या, बँजो मांडीवर घेऊन ते. आपल्याकडच्या संगीतकाराने असं केलं की तुम्ही लोक धागे काढता, 'मूळ गाणे आणि ढापलेले गाणे'. गोऱ्याने केलं की प्रतिभा?

भरती_ओहोटी

काकू, तुमच्या कानांना दंडवत. हे मी दुसऱ्या हप्त्यासाठी राखून ठेवलं होतं!

अगदी बरोबर आहे. स्टीफन फॉस्टरचं 'ओ सुझाना' १८४८ चं. १९६३ मध्ये अमेरिकेत द बिग थ्री नावाच्या त्रिकुटाने त्याचे शब्द ठेवून चाल पार बदलून 'द बँजो साँग' केलं. चाल टिम रोझची, आणि गायला सोबत कॅस एलियट, जी पुढे ममाज अँड द पपाजमधली ममा कॅस झाली. ते 'बँजो साँग' लावा आणि डोळे मिटा. 'व्हीनस'च. शब्द तेवढे फॉस्टरचे. सुरुवातीची ती गिटारची खणखणीत झोड आहे ना, तीसुद्धा काही महिने आधी आलेल्या द हू या इंग्लिश बँडच्या 'पिनबॉल विझर्ड'च्या अंगाने जाते. आणि तबकडीवर नाव एकच, आर. फान लेउवेन.

तेव्हा ढापलं का, तर हो, उचललंय. मी सारवासारव करणार नाही. मला तरी 'बँजो साँग' ऐकताना पुढचं ऐकावंसं वाटत नाही आणि 'व्हीनस' थांबवावंसं वाटत नाही, हा माझा पक्षपात समजा.

दुहेरी_चष्मा

पोटापाण्यासाठी कॉपीराइटच्याच फायली चाळतो, म्हणून दोन आणे माझेही. फॉस्टरचं मूळ गाणं केव्हाच सार्वजनिक मालकीचं झालेलं, त्यावर कुणीही काहीही करावं. पण त्यावर दुसऱ्याने नवी चाल बांधली तर त्या नव्या भागावर त्याचा हक्क राहतो. म्हणजे सुझाना उचलली तर प्रश्न नाही, सुझानाला रोझने नेसवलेली साडी उचलली तर आहे. श्रेय द्यायला हवं होतं, एवढं नक्की. काकूंना माझं +१.

पेटीवाला

काकूंनी सुझाना म्हटल्याबरोबर पेटी काढून बसलो. घरचे वैतागलेत, पण हाताशी आलं ते लिहितो.

'ओ सुझाना' आपल्या हिशोबात बिलावलाच्या घरातलं, सगळे स्वर शुद्ध, सरळ हसरं गाणं. 'व्हीनस'चा अंतरा (म्हणजे त्यांचा व्हर्स) ई मायनर आणि ए मेजर या दोन कॉर्डवर झुलतो. ई ला सा धरलात तर गंधार, निषाद कोमल आणि धैवत शुद्ध. म्हणजे काफीच की! तो ए मेजर आहे ना, त्यातला शुद्ध धैवत काढून कोमल लावून बघा. गाणं लगेच रडकं होतं. सगळी ऐट त्या एका धैवतात आहे.

आणि खरी मजा ध्रुवपदात. जिथे ती 'मीच तुझी व्हीनस' म्हणते, तिथे नेमका सी चा कॉर्ड येतो, म्हणजे कोमल धैवत. ओळ संपून परत अंतऱ्याला आलं की शुद्ध. दोन्ही धैवत आळीपाळीने. इतका वेळ ती बाई तिसऱ्याच कुणाबद्दल बोलत असते, आणि 'मीच' म्हणताना स्वर बदलतो. हे रॉबीने ठरवून केलं की बोटं तिथे गेली म्हणून झालं, ते त्यालाच ठाऊक. पण चालीचा ढाचा उसना असेल तरी ही जागा ऐकून मान हलली.

खवट_काकू

पेटीवाले, मान हलवा, पण नाव त्या टिम रोझचंही घ्या. एवढंच म्हणणं आहे माझं.

कोपऱ्यातला_वाचक

सहसा नुसता वाचतो, आज लिहितो. त्या 'ॲट होम' अल्बमवर सतार आहे ना? मोठ्या भावाच्या संग्रहात होता. त्यात एक निव्वळ वाद्यसंगीताचा तुकडा होता, नावात 'रागा' होतं.

भरती_ओहोटी

'अका रागा'! आणि या प्रश्नाची मी वाटच बघत होते, कारण इथे गोष्ट थेट मुंबईला येते.

रॉबी त्या अल्बमवर गिटारबरोबर सतारही वाजवतो. १९६९ मध्ये सतार हातात घेणं यात विशेष काही नव्हतं, बीटल्सनंतर ज्याला त्याला ती हवीच होती. बहुतेकांनी ती फोडणीत हिंग घालावा तशी घातली. रॉबीने मात्र जी रचना निवडली, ती एका भारतीय माणसाची आहे. जॉन मेयर. जन्म कलकत्त्याचा, अँग्लो-इंडियन घरातला. व्हायोलिन शिकला आधी कलकत्त्यात आणि मग मुंबईत मेहली मेहतांकडे, म्हणजे झुबिन मेहतांच्या वडिलांकडे. १९५२ च्या सुमारास शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या रॉयल अकॅडमीत गेला. साठीच्या दशकात त्याने जमैकातून आलेल्या जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकाबरोबर दुहेरी पंचक बांधलं. पाच जॅझवाले, पाच भारतीय वाद्यांचे. सतार-तबला एका बाजूला आणि सॅक्सोफोन-ट्रंपेट दुसऱ्या. 'अका रागा' त्यांचीच. इंग्लंडमध्ये ती बीबीसीच्या 'आस्क द फॅमिली' या प्रश्नमंजूषेची ओळखधून म्हणून घरोघरी पोचली.

मुंबईत मेहतांच्या हाताखाली घासलेला कलकत्त्याचा मुलगा, त्याची लंडनमध्ये बांधलेली चीज, ती वाजवतोय द हेगचा एक गोरा. काकू, इथे श्रेय नीट दिलेलं आहे हो!

खवट_काकू

नोंद घेतली. अर्धा मार्क.

पेटीवाला

ऐकलं आत्ता. सतारवादक म्हणून परीक्षेला बसवला तर नापास करीन. गिटारवाला सतार धरतो तशी धरलीये, मींड म्हणून काही नाही, नुसती बोटं पळवलीत. पण तालात पक्का आहे, आणि उगाच आध्यात्मिक चेहरा केलेला नाही. बघा ना, 'लव्ह बझ'मधल्या त्या बासच्या गिरकीतही हाच नाद लागलेला ऐकू येतो.

निळी_शाई

मग पुढे काय झालं त्याचं? एवढं मोठं नाव झाल्यावर तो गेला कुठे?

भरती_ओहोटी

पुढे घरी गाडी जोरात होती. 'मायटी जो' आणि 'नेव्हर मॅरी अ रेलरोड मॅन' ही दोन्ही इथे एक नंबरला गेली. दुसरं ऐकाच, 'व्हीनस'पेक्षा मला ते जास्त आवडतं. रेल्वेवाल्याशी लग्न करू नका, त्याचं मन कायम रुळांवर, असा सरळ सल्ला. (आमच्या मनमाडच्या आत्याला ऐकवलं. म्हणाली, मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.) अमेरिकेत मात्र 'मायटी जो' त्रेचाळिसाव्या पायरीवर थांबलं आणि तिकडचं दार मिटलं ते मिटलंच.

गाणी लिहायची, वाजवायची, ध्वनिमुद्रण बघायचं, सगळं एकटा रॉबी. १९७३ मध्ये त्याने बँड सोडला, १९७४ मध्ये बँडच संपला. मग त्याने गॅलक्सी-लिन काढला. नावातला 'लिन' हा मँडोलिनमधला, कारण त्या बँडचा जीव मँडोलिनमध्ये होता. गायला मोशन्समधला जुना सोबती रूडी बेनेट. दोन अल्बम आले, फार विकले नाहीत. मला त्यातलं थोडं ऐकायला मिळालं, चांगलं आहे, पण डिस्को दारात उभा असताना मँडोलिन कोण विकत घेणार? १९७७ च्या आसपास मिस्ट्रल नावाने त्याने तोही रस्ता धरून बघितला, 'जेमी', 'स्टारशिप १०९' अशी सिंथसायझरची गाणी. ती इथे चाललीही. आणि मग तो हळूहळू दिसेनासाच झाला. लक्झेंबर्गला जाऊन राहिला. मुलाखती नाहीत, 'मी आणि माझा काळ' छापाचे कार्यक्रम नाहीत.

नव्वदीत मारिस्काने शॉकिंग ब्लू हे नाव परत घेऊन कार्यक्रम सुरू केले ते त्याच्या परवानगीने. मधे तिने जॅझ गाणारं पंचकही केलं होतं. २ डिसेंबर २००६ ला ती कर्करोगाने गेली, एकोणसाठाव्या वर्षी. ड्रमवाला कोर त्याआधीच, १९९८ मध्ये गेला होता.

दुहेरी_चष्मा

पण 'व्हीनस' थांबलं नाही ना. तुम्ही एक नंबरची गोष्ट अर्धीच सांगितलीत. आमच्या धंद्यातला लाडका किस्सा आहे, मी सांगतो.

व्हेरोनिकावर 'योस्ट डेन ड्राइयर' या नावाने बोलणारा विलेम फान कोटेन नंतर गाण्यांच्या प्रकाशनात उतरला होता. 'व्हीनस'चे हक्क त्याच्याकडे. सत्तरचं दशक सरता सरता तो एका तबकड्यांच्या दुकानात उभा असताना तिथे डिस्कोच्या तालावर एकाला एक जोडलेल्या जुन्या गाण्यांची माळ वाजत होती. ऐकता ऐकता कानावर 'व्हीनस' आलं. याला तर कुणी विचारलंच नव्हतं! चौकशी केली तर कॅनडात बनवलेली चोरटी तबकडी निघाली.

दुसरा कुणी असता तर नोटीस पाठवून गप्प बसला असता. याने म्हटलं, कल्पना झकास आहे, आपणच रीतसर करू. गोल्डन इअरिंगचा जुना ड्रमवादक याप एगरमाँट याला पकडलं, मूळ कलाकारांसारखे आवाज काढणारे गायक आणले आणि 'स्टार्स ऑन ४५' तयार झालं. बहुतेक गाणी बीटल्सची, पण सुरुवातीला 'व्हीनस'ची तीच गिटार. २० जून १९८१ ला अमेरिकेत एक नंबर. हक्कांच्या अटीपायी तबकडीवर प्रत्येक गाण्याचं नाव छापावं लागलं, त्यामुळे शीर्षक झालं एक्केचाळीस शब्दांचं! एक नंबरला गेलेल्या गाण्यांत तेव्हा एवढं लांबलचक नाव दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

म्हणजे काकू, चोरलेल्या चालीची चोरी पकडून मालक श्रीमंत झाला, असा मामला.

खवट_काकू

आता मात्र हसले. चोरावर मोर म्हणतात ते हेच.

जुना_कॅसेटवाला

आणि तिसरा नंबर बनानारामाचा. त्या तिघी बँड काढल्यापासूनच हे गाणं म्हणायच्या. १९८६ चा अल्बम त्यांच्या नेहमीच्या निर्मात्यांबरोबर जवळपास पुरा होत आला होता, तेव्हा यांनी 'व्हीनस' नाचायच्या ठेक्यात करू म्हणून हट्ट धरला. निर्माते नको म्हणाले. मग या 'यू स्पिन मी राउंड'वाल्या स्टॉक-एटकिन-वॉटरमन त्रयीकडे गेल्या. त्यांनीही आधी नाकंच मुरडली. शेवटी केलं, आणि ६ सप्टेंबर १९८६ ला अमेरिकेत एक नंबर. गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये शॉकिंग ब्लूचं आठ नंबरला थांबलं होतं, यांचंही बरोबर आठलाच थांबलं. इंग्रज माणूस सोळा वर्षांत एक पायरी हलला नाही.

निळी_शाई

सत्तर, एक्याऐंशी, शहाऐंशी. तीनदा! आणि मी समजत होते रेझरची जाहिरात. भरतीताई, पण ते गॉडेस-गॉडनेसचं राहिलंच की. माझा नवरा म्हणतो गॉडनेस, मी म्हणते गॉडेस. घरात दोन तट पडलेत.

पेटीवाला

मोबाइलवर ऐकून निकाल लागणार नाही. आवाज दाबलेला असतो. ती तुमची एक युरोची तबकडी कुणाकडे तरी लावून बघा.

भरती_ओहोटी

लावली! खालच्या मजल्यावरच्या आजींकडे यंत्र आहे हे मला जिन्यात कळलं. (आठ वर्षं एका इमारतीत राहतोय. या देशात शेजाऱ्याकडे काय आहे हे कळायला एवढा वेळ लागतोच.) आजींनी आधी तबकडी हातात घेऊन त्या बॉलपेनच्या नावाकडे बघितलं, "माझ्या शाळेत या आडनावाच्या दोघी होत्या," म्हणाल्या, मग मऊ फडक्याने गोल गोल पुसली, सुई फुंकली आणि अलगद टेकवली.

आधी नुसती खरखर, मग ती गिटार. खरंच, मोबाइलवर जे ऐकत होते ते हे नव्हेच. खोलीतल्या काचेच्या कपाटातले पेले किणकिणले. मग मारिस्का सुरू झाली आणि पहिल्याच ओळीत सुई अडकली. आडवा ओरखडा होता, फडक्याखाली दिसला नव्हता. पंचेचाळीसच्या वेगाने एक फेरा म्हणजे सव्वा सेकंदाच्या आसपास, तेवढ्यातच ती फिरत राहिली. गॉडनेस ऑन अ, गॉडनेस ऑन अ, गॉडनेस ऑन अ.

न, अगदी स्वच्छ. निळी_शाई, नवरा जिंकला.

मी सुई उचलायला हात पुढे केला तर आजींनी माझा हात धरला. "थांब जरा," म्हणाल्या आणि अजून चार-पाच फेरे ऐकत बसल्या.